पाटीच्या दगडाची चव

बाई, तुमची शंका बरोबर होती. हे सांगायला मला वीस-बावीस वर्षं उशीर झाला आणि तुम्हाला जाऊनही आता अठरा वर्षं होत आली. "मग आता सांगून काय उजेड पडणार आहे?" असं तुम्ही चष्म्याच्या वरून बघत विचारलं असतंत. काही उजेड पडणार नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसात एक फाइल आली, ती वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, एवढंच. आमचं ऑफिस खराडीला आहे, अकराव्या मजल्यावर, खिडक्या न उघडणाऱ्या इमारतीत. तिथे मी हल्ली भाषांतर करत नाही. भाषांतर मशीन करतं आणि मी त्याच्या मागून चुका वेचत जाते, तांदळातले खडे वेचावेत तशी. त्या दिवशीची फाइल एका जर्मन वाइनविक्रेत्याची होती. मोझेल नदीच्या खोऱ्यातली माती कशी, हवा कशी, आणि त्या दोन्हींमुळे तिथली वाइन तशी का होते, याची माहिती. म्हणजे आपला धडाच की हो! मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आणि मग ते वाक्य आलं. दगडाची चव वाइनमध्ये उतरते असं लोक मानतात, पण वेल काही दगड पीत नाही; दगडाचं काम ऊब धरायचं आणि पाणी सोडून द्यायचं, चव त्यातून आडवाटेने येते. अगदी हेच तुम्ही म्हणत होतात. आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की नाही बाई, दगडाची चव लागते, मी स्वतः चाखून आलेय. मी तिथे गेलेच नव्हते.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती खडकीहून, बसने, मनपाच्या स्टॉपला उतरून नारायण पेठेपर्यंत चालत. वडील कारखान्यात फोरमन, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो, आणि तेव्हा घरोघरी एकच चर्चा. आता म्हणे बाहेरच्या कंपन्या येणार, कॉम्प्युटरवाल्यांना आणि परकी भाषा येणाऱ्यांना चांगले दिवस येणार. वडिलांनी कुणाकडून तरी तुमचा पत्ता आणला. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन घरच्या पुढच्या खोलीत जर्मनचा वर्ग घेत होतात. दार उघडून तुम्ही मला नखशिखांत पाहिलंत आणि विचारलंत, "शिकायचंय, की नुसतं जायचंय?" मी म्हणाले, "दोन्ही." तर तुम्ही म्हणालात, "जायचं असेल तर पासपोर्टच्या ऑफिसात जा. इथे फक्त शिकवतात." मला रडू यायचंच बाकी होतं. पुढे कळलं की तुम्ही सगळ्यांनाच असं विचारता. तुम्ही स्वतः मात्र कधीच गेला नव्हतात. संस्कृतवरचे जर्मन लेख मुळातून वाचता यावेत म्हणून तरुणपणी तुम्ही ही भाषा शिकलात. एकदा जायची संधी आली तेव्हा तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. हे तुम्ही आम्हाला एकदाच सांगितलंत, तेही व्याकरण शिकवताना, उदाहरणाचं वाक्य म्हणून, आणि लगेच फळा पुसून टाकलात.

तो धडा तुम्ही फेब्रुवारीत घ्यायचात, कारण तेव्हा मंडईत द्राक्षं येतात. मला तो अजून दिसतो. सतरंजीच्या मधोमध परडीभर द्राक्षं आहेत आणि आम्हाला हात लावायची बंदी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर दोन वस्तू ऊन खात पडल्या आहेत, शाळेतली एक फुटकी दगडी पाटी आणि ताटलीत कुंडीतली माती. तासाभराने तुम्ही पडदा ओढता, आणखी थोडा वेळ जाऊ देता, आणि मग आम्ही एकेकाने उठून हात लावायचा. माती गार झालेली असते, पाटी अजून कोमट. "हे मोझेल," तुम्ही म्हणता. "तिकडे थंडी मरणाची. द्राक्ष पिकावं एवढं ऊनच नाही. म्हणून नदीकाठचे उभे उतार निवडले, दक्षिणेकडे तोंड केलेले, म्हणजे मिळेल तेवढं ऊन अंगावर येतं. खाली नदी, तिच्यावरूनही उजेड परततो. आणि जमीन कसली, तर हा पाटीचा दगड, तुकडे तुकडे होऊन पसरलेला. दिवसा ऊन खातो, रात्री वेलीला देतो. पाऊस पडला तर थांबू देत नाही, म्हणून मुळं पाणी शोधत फटीफटीतून खोल जातात." मग एकेक द्राक्ष आमच्या तळहातावर. "आपलं द्राक्ष उन्हात धावत पिकतं. गोड होतं, पण आंबटपणा फारसा उरत नाही. तिथलं ऑक्टोबर उजाडला तरी वेलीवर रेंगाळतं, म्हणून गोडही होतं आणि आंबटही राहतं."

आणि प्रत्येक वाक्यानंतर, अगदी प्रत्येक वाक्यानंतर, तुमचं ते ठरलेलं, "असं पुस्तकात आहे." पाटीच्या उबेबद्दल मात्र, "हे आपण पाहिलंय." नारायणगावकडच्या एका विद्यार्थ्याने तुम्हाला सांगितलं होतं की आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, कारण इथे ती थंडीने झोपतच नाही, तर ते सांगताना, "असं ऐकलंय." पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाचलेलं तुम्ही कधी एका भांड्यात शिजवलं नाहीत. आम्ही मागे बसून तुमची नक्कल करायचो. कुणी विचारलं बस किती वाजता आहे, तर "सव्वासातला, असं ऐकलंय." एकदा मी त्या धड्यातल्या 'शीफर' या, पाटीच्या दगडाच्या जर्मन शब्दाला 'काळा खडक' असं लिहिलं. तुम्ही माझी वही अख्ख्या वर्गासमोर उघडी धरलीत आणि म्हणालात, "काळा खडक आपल्या पर्वतीचा. हा वेगळा, हा पापुद्र्यांचा. बाईसाहेबांनी पर्वती उचलून जर्मनीत नेली. मारुतरायानंतर यांचाच नंबर." वर्ग खो खो हसला. माझे कान तापले. वर्ग सुटल्यावर चपला घालताना तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "न पाहिलेल्याला नाव देताना हात जरा थरथरला पाहिजे गं." पर्वतीचं मी विसरले असते, हे नाही विसरता आलं.

धड्याचं शेवटचं वाक्य असं होतं की ही वाइन पिताना जिभेवर दगडाची चव येते. तिथे तुम्ही दरवर्षी अडायचात. "मीठ विरघळतं, साखर विरघळते. दगड कसा विरघळेल? पाटी चाटून बघा, लागते का काही चव?" आमच्यातल्या एकीने खरंच चाटून बघितली होती, आठवतं का? "मला वाटतं, दगडाच्या उबेने आणि पाण्याच्या ओढीने द्राक्षच बदलत असेल. दगड काही वर चढत नसणार. पण हे आपलं माझं मत. पुस्तकात तसं नाही." आयुष्यात वाइनचा थेंब न चाखलेली, एकादशी मोडायची वेळ आली तर दिवसभर अस्वस्थ होणारी बाई नारायण पेठेत बसून एका जर्मन पुस्तकाशी भांडत होती, तेही इतक्या नम्रपणे. कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्हाला प्यायची आहे का वाइन?" तुम्ही म्हणालात, "प्यायची नाहीये. कळायला हवीय."

म्हणून, कंपनीने मला तीन महिन्यांसाठी फ्रँकफर्टला पाठवायचं ठरवलं तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आनंद झाला. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही एक कागद दिलात. कुणाच्या तरी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची मागची कोरी बाजू, आणि तिच्यावर शाईच्या पेनाने पाच प्रश्न. पाटीचा दगड भिजल्यावर कोणत्या रंगाचा दिसतो. उतार किती उभा, आणि माणसं त्यावर उभी कशी राहतात. ऊन गेल्यावर दगड खरोखर उबदार लागतो का. निळ्या पाटीच्या जमिनीतली आणि लाल पाटीच्या जमिनीतली वाइन, यांत फरक कळतो का. आणि पाचवा, दगडाची चव लागते का. खाली एक रेघ मारून, "प्रत्येक उत्तर पाहूनच लिहावे. न दिसल्यास 'दिसले नाही' असे लिहावे." मोझेल तिथून रेल्वेने अडीच-तीन तासांवर. रविवार मला बारा मिळाले. पण पहिलाच परदेश, काम अंगावर आलेलं, क्लायंट शनिवार-रविवारीसुद्धा बोलवायचा, वर थंडी. राहूनच गेलं. हॉटेलच्या काउंटरवर त्या भागाची रंगीत माहितीपत्रकं ठेवलेली असायची. त्यातलं एक मी नाश्ता करताना वाचलं आणि पर्समध्ये टाकलं.

आता ती दुपार. परत आल्यावर चौथ्या दिवशी मी चॉकलेटचा डबा घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होतात. "आलीस? बस. चॉकलेट ठेव तिकडे, आधी कागद काढ." मी कागद काढला. तो कोरा होता. खरं तर तेव्हाच सांगायचं. 'दिसले नाही' असं पाच वेळा लिहायची मुभा तुम्हीच दिली होतीत. पण तुम्ही पदराला हात पुसून, वही मांडीवर घेऊन, पेन उघडून माझ्याकडे असं बघत होतात की माझी जीभच रेटेना. मग मी सुरू केलं. भिजल्यावर निळसर काळा दिसतो, बाई, चकाकतो. उतार इतका उभा की एका रुळावरून छोटी गाडी वर चढवतात, माणसं तिच्यात बसून जातात. हे सगळं माहितीपत्रकातलं. दगड संध्याकाळी कोमट होता, अगदी आपल्या पाटीसारखा. हे माझ्या पदरचं. लाल दगडावरची वाइन जरा जड लागते. हेही. तुम्ही लिहीत होतात, शाळकरी मुलीसारखी मान वाकडी करून. "आणि पाचवं?" तुमचं पेन थांबलं. मोरीच्या भिंतीशी तुमचा पाटा धुऊन उभा करून ठेवलेला होता, निथळत होता. माझी नजर त्याच्यावर गेली. मी म्हणाले, "लागते बाई. पाटा धुऊन ठेवल्यावर वास येतो ना, तसं काहीतरी जिभेच्या मागे येतं."

तुम्ही उठून त्या पाट्यापाशी गेलात, वाकून वास घेतलात. गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू सरळ झालात आणि हसलात. "म्हणजे इतकी वर्षं माझंच चुकत होतं म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "बरं झालं बाई. चुकतेय हे तरी जिवंतपणी कळलं." मग आत जाऊन तुमचा शब्दकोश घेऊन आलात, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला, पानांच्या कडा काळ्या पडलेला. "घे. हा आता तुझ्याकडे शोभतो. पाहून आलीस तू." मी घेतला. अहो, मी तो घेतला! अजून माझ्या कपाटात आहे, पुस्तकांच्या मागे, आणि मी तो उघडत नाही.

त्यापुढच्या फेब्रुवारीत तुम्ही मला मुद्दाम वर्गाला बोलावलंत. पाटी, माती, द्राक्षं, सगळं तसंच. फक्त "असं पुस्तकात आहे" कुठेच आलं नाही. त्याऐवजी, "असं आहे. ही माझी विद्यार्थिनी पाहून आलीय." शेवटच्या वाक्याशी तुम्ही थांबला नाहीत. "इथे मी पूर्वी एक शंका घ्यायची," असं म्हणालात, "ती चुकीची होती. दगडाची चव लागते. आपल्या पाट्यासारखी." मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. बाई, तुमची तीस वर्षांची खरी शंका माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलीत आणि मी मान हलवली. लाज वाटली का? वाटली. पण बस पकडून खडकीला पोचेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की एका वाइनच्या चवीने कुणाचं काय बिघडतंय. पुढे तुमच्याकडे येणं कमी होत गेलं. तुम्ही आजारी पडलात तेव्हा दवाखान्यात भेटायला आले, तर तुम्ही उशीवरून मान उचलून तिथल्या नर्सला सांगितलंत, "ही मोझेलला जाऊन आलीय हो." धड बोलवत नव्हतं तुम्हाला, आणि तेवढ्यातही हे.

तर ती फाइल. टीम लीड पोरगी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. तिने दोनदा येऊन विचारलं, "मॅम, एवढा वेळ का लागतोय? आजच क्लोज करायचीय ना?" मशीनने त्या वाक्यात एकही चूक केली नव्हती. त्याला पाटीही माहीत नाही, ऊनही माहीत नाही, आणि तरी बरोबर. फाइल पाठवून दिली आणि तुमच्यानंतर तुमचा वर्ग चालवते तिला फोन केला. माझ्याच बॅचची ती, पाटी चाटणारी. म्हटलं, तो धडा अजून घेतेस का? "घेते की. बाईंच्या वहीतूनच घेते," ती म्हणाली. "पाट्याचा वास मुलांना फार आवडतो. तूच ये ना शनिवारी, पाहून आलेली म्हणून." मी गेले.

आता वर्ग एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. सतरंजी नाही, खुर्च्या आहेत. बहुतेकांना नर्सिंगला नाहीतर इंजिनिअरिंगला जायचंय, सगळे घाईत. 'शिकायचंय की जायचंय' असं आता विचारलं तर वर्गात कुणी उरणार नाही. तिने तुमची वही टेबलावर ठेवली होती. तुमच्या अक्षरात ती जुनी शंका, तिच्यावर एक सरळ रेघ, आणि शेजारी, 'चव लागते. पाहून आलेल्या विद्यार्थिनीकडून.' मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. मी मोझेलला गेले नव्हते. दगड मी पाहिले नाहीत, वाइन चाखली नाही, पाट्याचं मी रचून सांगितलं. बाईंची शंका बरोबर होती, ती पुन्हा लिहा. पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?" माझी मैत्रीण म्हणाली, "बाईंचं लिहायचं." ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याच मुलीने पुन्हा विचारलं, "पण तुम्ही गेला का नाहीत? तीन महिने होतात ना?" मी म्हणाले, "ऑफिसचं काम." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑफिसचं काम म्हटलं की आजकाल कुणी पुढे विचारत नाही. निघताना मैत्रीण एवढंच म्हणाली, "लिहून दे मला. वहीत चिकटवते." लिहून दिलं, सही केली. त्यातही तेच, ऑफिसचं काम.

हे पान मात्र त्या वहीत जायचं नाही. हे कुणालाच द्यायचं नाही. वर तुम्हालाही मी तेच सांगितलं, काम अंगावर आलेलं, थंडी वगैरे. काम नव्हतं, बाई. बाराही रविवार मोकळे होते. एका रविवारी मी तिकीट काढून फलाटावर जाऊन उभीसुद्धा राहिले होते. ऊन पडलं होतं छान. गाडी यायची होती म्हणून बाकावर बसून तुमचा कागद काढून वाचला, रेघेखालच्या ओळीपर्यंत. प्रत्येक उत्तर पाहूनच लिहावे. आणि मला तुमचा कंटाळा आला. फार कंटाळा आला. आयुष्यात पहिल्यांदा घरापासून, क्वार्टर्सपासून, पेठेपासून इतकी लांब एकटी आले होते, आणि इथेही तुमच्यासाठी बघायचं, तुमच्यासाठी हात लावायचा, तुमच्यासाठी चव घ्यायची. माझ्यासाठी काय? गाडी आली, दारं उघडली, मी बाकावरून उठले नाही. दारं मिटली. मी फलाटावरच्या टपरीतून आलुबुखाराचा केक घेतला आणि उन्हात बसून सावकाश खाल्ला, आणि मला इतकं बरं वाटलं, बाई, की मी आणखी एक घेतला.